प्रतिध्वनीवर उपाय

ठाण्यास खाडीच्या बाजूला, मिठागरांच्या अलीकडे, पोर्तुगिजांच्या अमलातले एक देऊळ आहे. तिकडचे ख्रिस्ती शेतकरी व कोळी त्याला देऊळच म्हणतात. ‘चर्च’ हा शब्द आम्ही कचेरीच्या कागदांत वापरीत असू. उंच पांढरी दर्शनी भिंत, आत कोरीव सागवानी वेदी, तिच्यावर सोन्याचा वर्ख, कमानदार दगडी छत, आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. तिसऱ्या प्रहरी त्या चकत्यांतून येणारा उजेड ताकाच्या रंगाचा असतो. इमारत सुंदर आहे, हे मी हिंदू असून मान्य करतो. सुंदर इमारतीचा तोटा इतकाच की ती पाहिली म्हणजे तिचा काहीतरी उपयोग करावा, असे रिकाम्या माणसास वाटू लागते.

तसे ते आमच्या जज्जसाहेबांच्या पत्नीस वाटले.

मी त्या वेळी जिल्ह्याच्या कोर्टात दुय्यम शिरस्तेदार होतो. घर कल्याणास, बिऱ्हाड ठाण्यास. माझ्या हातचा मसुदा साहेब न वाचता त्यावर सही करतात, अशी माझी ख्याती होती, आणि मुख्य शिरस्तेदारांना निवृत्त होण्यास वर्षच उरले होते. माझ्याविषयी एवढे पुरे.

बाईसाहेब गात असत, आणि चांगल्या गात असत. पण साहेब लोकांचे स्वतःचे प्रार्थनामंदिर लहान व बसक्या छताचे होते. तेथे त्यांचे गाणे टोपलीखाली झाकलेल्या कोंबडीसारखे होई. म्हणून त्यांनी पोर्तुगिजांच्या देवळात गाण्याची बैठक करावयाची ठरविली. त्यांचा पंथ निराळा, देवळाचा निराळा. परंतु छताच्या उंचीपुढे हा भेद त्यांना किरकोळ वाटला. नाताळ झाल्यावर, एका शनिवारी दुपारी चार वाजता, केवळ धार्मिक गाणी, टाळ्या वर्ज्य. मुंबईहून पाहुणे येणार होते. ठाण्यातल्या प्रतिष्ठितांना छापील निमंत्रणे गेली. व्यवस्था कोणी पाहावी, असा प्रश्न निघाला तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिले.

देवळाचे फादर नवे होते. गोव्याकडचे, युरोपात शिकून आलेले. तरुण, स्वच्छ आणि घाईत असलेले. त्यांनी परवानगी आनंदाने दिली, आणि आनंदाचे कारण लपविले नाही. देवळात मागच्या माळ्यावर पाच फिडली, म्हणजे व्हायोलिनी, वाजत. त्या वाजविणारे पाचही जण भाताची शेती करणारे होते आणि त्यांचा मेस्तर, म्हणजे गाण्यावाजवण्याचा गुरू, साठीचा, काटकुळा, गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट घालणारा असा एक गृहस्थ होता. त्याचा बाप तेथेच वाजवीत असे, आजाही. फादरना त्या फिडली नको होत्या. त्यांना पायपेटी हवी होती, आणि ती वाजविणारा एक शिकलेला तरुण त्यांनी मुंबईत पाहूनही ठेवला होता. शनिवारच्या बैठकीत साथीला तोच बसणार होता. बैठक पार पडली की पायपेटी कायम राहणार आणि मेस्तर घरी बसणार, हे फादरनी त्याला माझ्यादेखत सांगितले.

“तुमचे गायन झोपेत चालते, मेस्तर,” ते म्हणाले.

“देऊळ मोठं हाय, फादर. त्याला पयले बोलू द्यावं लागतं.”

“देऊळ बोलत नाही.”

मी खुर्च्या मोजीत होतो, त्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

बुधवारी तालीम झाली. बाईसाहेब, मुंबईची चार गाणारी माणसे आणि पायपेटीवर तो तरुण. पहिले पद सुरू झाले आणि पाचव्या क्षणी त्या सुंदर छताने आपले काम सुरू केले. गेलेला प्रत्येक सूर वर जाई, भिंतींना विचारून परत येई आणि पुढच्या सुराच्या अंगावर पडे. पाच माणसे गात होती. ऐकू येत होती पन्नास, आणि त्या पन्नासांत भांडण लागल्यासारखे वाटत होते. पायपेटीवाला तरुण अधिक जोराने व अधिक वेगाने वाजवू लागला. त्याने घोटाळा अधिक वेगाने होऊ लागला.

बाईसाहेब थांबल्या. परत येणारा शेवटचा सूर संपेपर्यंत कोणी बोलू शकले नाही.

“शिरस्तेदार,” साहेब मला म्हणाले, “या प्रतिध्वनीचे काहीतरी करा.”

कोर्टात वीस वर्षे काढलेल्या माणसास कोणत्याही हुकुमाचे आश्चर्य वाटत नाही. मी विचारपूस केली. बांधकाम खात्यातल्या एका जाणत्याने सांगितले की भिंतींवर जाड कापड सोडावे. ठाण्याच्या तुरुंगात कैदी सतरंज्या विणीत. त्या मी लेखी मागणी करून आणविल्या व गुरुवारी सकाळी बांबूंवरून टांगविल्या. वर्खाच्या वेदीसमोर निळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या सतरंज्या लटकू लागल्या आणि देवळास कापडबाजाराची कळा आली. आवाज किंचित उतरला. परंतु सतरंज्यांना तुरुंगाचा वास होता आणि बाईसाहेब नाकाला रुमाल लावून गाऊ शकत नव्हत्या. दुपारी त्या सतरंज्या मी पोच घेऊन परत पाठविल्या.

मग मी मेस्तरकडे गेलो. वास्तविक आधी त्याच्याकडेच जावयास हवे होते. पण सरकारी रीत अशी की ज्याला माहीत आहे त्याला शेवटी विचारावे.

तो शेताच्या बांधावर बसला होता. मी उभ्याउभ्याच विचारले.

“मानसं बसवा,” तो म्हणाला.

“येणार आहेत. शंभर खुर्च्या मांडल्या आहेत.”

“खुर्चीवरची नाय. खाली बसलेली. रविवारी तिनशे मानूस खाली बसतो, बाया एका अंगाला, बापे एका अंगाला. मग भिंती नीट बोलतात. रिकामं देऊळ कोनाचंच ऐकत नाय.”

“हे तुम्ही फादरना सांगितले नाही?”

“इचारलं नाय त्यांनी.”

मला त्याच्या तोंडावर एक गोष्ट सांगावीशी वाटली: हा उपाय लागू पडला तर पायपेटी चांगली वाजेल आणि तुमची जागा जाईल. परंतु त्याला ते माझ्याइतकेच कळत होते. त्याने माझ्या जोड्यांकडे पाहिले आणि बांधाच्या कोणत्या बाजूने गेलो म्हणजे चिखल लागणार नाही, ते दाखविले.

माणसे आवाज शोषून घेतात, हे साहेबांनी ऐकून घेतले व त्यांना ते पटले. अशा रीतीने ज्यांना निमंत्रण नव्हते अशा तीनशे माणसांना, गाणे ऐकण्यासाठी नव्हे तर त्याखाली अंथरण्यासाठी, बोलावण्याचे ठरले. शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर फादर त्यांना सूचना वाचून दाखविणार होते. सूचनेचा मराठी मसुदा मी केला. त्यातले मुख्य वाक्य अजून पाठ आहे: ‘सर्वांनी वेळेवर यावे, जमिनीवर बसावे, टाळ्या वाजवू नयेत, आणि देवळात एरवी जसे वागता तसेच याही दिवशी वागावे.’ शेवटच्या वाक्यखंडाचा मला अभिमान वाटला. दहा निर्बंधांचे काम एका ओळीत केले होते.

फादर वाचीत असताना मी बाजूच्या दाराबाहेर उभा होतो. सूचना संपली तेव्हा बायकांच्या बाजूने एक जाडसर कोळीण शेजारणीला म्हणाली, ती कुजबुज अंगणापर्यंत आली.

“काल कैद्यांच्या सतरंज्या लावलेल्या. त्या काढल्या आन आता आमाला आथरतान.”

“तू एकली चार सतरंज्यांची हायस, आवशी,” शेजारीण म्हणाली.

“मंग तू पायपुसनी.”

फादरनी हात वर करून त्यांना गप्प केले. मी पाहिले की लोकांनी फादरच्या हाताकडे पाहिले, आणि मग मागे वळून माळ्याकडे. तिथे मेस्तर कठड्यावर हात ठेवून बसला होता. त्यानेही हात उचलला तेव्हा ते खरे गप्प झाले.

शनिवारी सगळे आले. पुढे खुर्च्यांवर साहेब लोक, मुंबईचे पाहुणे, दोन पारशी गृहस्थ, आमच्या कोर्टाचे वकील. साहेब लोकांनी टोप्या काढल्या व बूट ठेवले. वकिलांनी जोडे काढले व पागोटी ठेवली. दोन्ही बाजूंना दुसरी बाजू उद्धट वाटली, पण आदर समसमान झाला. मागे, गुडघ्याला गुडघा लावून, तीनशे माणसे खाली बसली. लाल लुगडी एका अंगाला, पांढरी धोतरे एका अंगाला. मेस्तरला त्या दिवशी काम नव्हते. तो माळ्यावर आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसला, फिडल न घेता. मी बाजूच्या भिंतीतल्या मधल्या दारापाशी उभा होतो, त्यामुळे मला वेदीही दिसत होती आणि माळाही.

गाणे सुरू झाले आणि उपाय लागू पडला. सूर वर जात व एकेकटे, सावकाश, रीतीने खाली येत. बाईसाहेबांनी पहिले पद संपविले तेव्हा साहेबांनी वळून माझ्याकडे पाहून मान डोलविली. वीस वर्षांत पहिल्यानेच.

माझ्या शेजारी उशिरा आलेले एक वकील उभे होते. मुंबईची चार माणसे एकदम चार निराळ्या चालींत गाऊ लागली तेव्हा ते माझ्याकडे झुकले.

“हे एकेक करून का गात नाहीत?”

“त्यांची तशी पद्धत आहे.”

“चार साक्षीदार एकदम बोलू लागले तर साहेब चालू देतात का?”

“हळू बोला.”

“मी मराठीत बोलतो आहे. कोणाला कळते?”

मागच्या ओळीतल्या एका कोळणीने वळून त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी पागोटे सारखे केले.

पायपेटीवाला तरुण व्यवस्थित वाजवीत होता. फादरचा चेहरा उजळत होता. मी माळ्याकडे पाहिले; मेस्तर मान खाली घालून ऐकत होता. आपल्याच सल्ल्याने आपली जागा जाताना ऐकणे कसे असते, ते मला ठाऊक नाही.

शेवटचे गाणे बाईसाहेबांचे होते. ते लॅटिनमधले, मेरीच्या नावांचे. युरोपातल्या कोणी त्याला बैठकीची चाल लावली होती, वेगाची आणि वेलबुट्टीची. पण शब्द जुनेच होते. हेच शब्द ही तीनशे माणसे आणि त्यांचे बापजादे दर आठवड्यास म्हणत आले आहेत. त्यांची रीत अशी: मेस्तर एक नाव घेतो, आणि लोक तीन शब्दांचे उत्तर देतात. अर्थ, ‘आमच्यासाठी विनंती कर.’ हे मला नंतर कळले. त्या वेळी मला इतकेच दिसले की बाईसाहेबांनी पहिले नाव घेतले आणि तीनशे माणसे गुडघ्यांवर आली.

आणि त्यांनी उत्तर दिले. आपल्या चालीत, आपल्या वेगाने, म्हणजे झोपेत चालल्यासारख्या.

बाईसाहेब अडखळल्या. पायपेटी पुढे निघून गेली. फादर अर्धवट उठले. बाईसाहेबांनी दुसरे नाव घेतले, उत्तर आले. खुर्च्यांवरचे साहेब लोक वळून पाहू लागले. तरुणाने पाय जोराने मारले आणि गाणे पुढे ओढावयाचा प्रयत्न केला, पण ते आता त्याचे राहिले नव्हते. तिसऱ्या नावाला बाईसाहेबांनी वेलबुट्टी गाळली. चौथ्या नावानंतर त्या उत्तरासाठी थांबल्या, आणि उत्तर छतावरून परत येईपर्यंतही थांबल्या, आणि मग पाचवे घेतले. पायपेटी केव्हा थांबली ते माझ्या लक्षात नाही. तरुण हात मांडीवर ठेवून बसला होता.

मी माळ्याकडे पाहिले. मेस्तरचे दोन्ही हात कठड्यावर होते. तो खाली पाहत होता आणि लोकांपैकी काही जण त्याच्याकडे वळून पाहत होते. हात कठड्यावरच राहिले.

गाणे किती वेळ चालले सांगता येत नाही; नावे पुष्कळ होती. मी संगीताचा जाणकार नाही. त्या दिवशी टाळ्या वर्ज्य होत्या हे बरे झाले, एवढे म्हणतो. बिऱ्हाडी येऊन स्नान केले. पाणी थंड होते.

मुंबईच्या पाहुण्यांनी फादरचे अभिनंदन केले. अशी योजना त्यांनी कोठेच पाहिली नव्हती. खुद्द गावकऱ्यांकडून उत्तरे, आणि तीही गुडघ्यांवरून! फादरना अभिनंदन स्वीकारावे लागले, आणि ते त्यांच्या घशाखाली उतरले नाही. पायपेटीवाला तरुण संध्याकाळच्या गाडीने कोणाचा निरोप न घेता गेला होता.

सोमवारी फादर साहेबांच्या बंगल्यावर आले. त्यांचे म्हणणे असे की मेस्तरने लोकांना चिथावून बाईसाहेबांचे गाणे मोडले. तसे ठरले तर त्याने येत्या रविवारपासून देवळात पाऊल टाकू नये. तसे नाही, असे साहेब विचारपूस करून म्हणतील तर, पायपेटीवाला गेलाच आहे, आपण त्याला ठेवू, शब्द देतो. साहेबांना रविवारची सुटी जड गेली असावी. त्यांनी व्हरांड्यात खुर्च्या मांडविल्या व चौकशी सुरू केली. मला साक्षीदार म्हणून उभे केले. मेस्तर पायरीखाली उभा होता.

आतून बाईसाहेब म्हणाल्या, “मला तसे पुन्हा गायचे आहे.”

“हा पुरावा नव्हे,” साहेब म्हणाले. मग मला विचारले, “लोकांना काय सूचना दिली होती?”

मी खिशातून मसुदा काढला. तो मी सकाळपासून खिशात ठेवला होता आणि काढावा की नाही याचा विचार करीत होतो. काढला नसता तर चालले असते. फादरनी आपली प्रत वाचून झाल्यावर चुलीत घातली होती आणि माझ्याकडे दुसरी असल्याचे कोणाला ठाऊक नव्हते. मी तो वाचून इंग्रजीत सांगितला. शेवटच्या वाक्यखंडापाशी साहेबांनी हात वर केला.

“पुन्हा.”

“‘देवळात एरवी जसे वागता तसेच याही दिवशी वागावे.’”

“ते एरवी कसे वागतात?”

“तसेच, साहेब. कोणी ती नावे घेतली की गुडघ्यांवर येऊन उत्तर देतात.”

“म्हणजे त्यांनी सूचना पाळली.”

“अक्षरशः.”

“मसुदा कोणाचा?”

“माझा.”

“सूचना वाचली कोणी?”

फादर आपल्या बोटांकडे पाहत होते.

साहेबांनी मसुदा माझ्या हातातून घेऊन पाहिला. मग म्हणाले, “आता एकच. तुम्ही दारापाशी होता. तुम्हाला माळा दिसत होता. गाणे चालू असता या माणसाने लोकांना काही खूण केली?”

“नाही, साहेब.”

“कोणतीही?”

“त्याचे दोन्ही हात शेवटपर्यंत कठड्यावर होते. मी पाहत होतो.”

“मग चौकशी संपली,” साहेब म्हणाले. फादरनी शब्द दिला होता. तो त्यांनी पाळला. मेस्तर राहिला आणि पाच फिडलीही.

मुख्य शिरस्तेदारांची जागा पुढच्या वर्षी दुसऱ्यास मिळाली. साहेबांनी मला कारण सांगितले नाही, पण त्या सोमवारपासून ते माझे मसुदे वाचून सही करू लागले होते. त्यात अन्याय नव्हता. ज्याच्या एका वाक्यावर तीनशे माणसे गुडघ्यांवर येतात, त्याची वाक्ये कोणीतरी वाचलीच पाहिजेत.

बंगल्यावरून निघालो तेव्हा मेस्तर फाटकापाशी थांबला होता. आभार मानावयास असेल असे मला वाटले आणि मी तोडून बोलण्याची तयारी केली. त्याने आभार मानले नाहीत.

“मी हात उचलला असता तर ते गप झाले असते,” तो म्हणाला.

“माहीत आहे. शुक्रवारी पाहिले होते.”

“मंग सायबाला बोलला नाय?”

“साहेबांनी ते विचारले नाही.”

त्याने कोटाचे वरचे बटण सोडले व पुन्हा लावले. खाडीकडचा रस्ता व माझ्या बिऱ्हाडाचा रस्ता बऱ्याच अंतरापर्यंत एकच आहे. आम्ही तेवढे अंतर बरोबर चाललो.